मोठ्या व्हॉल्व्हचा सोस कुठून आला
इंजिनची ताकद वाढवायची ठरली की हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवण्याआधीच प्रश्न येतो, व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) किती मोठे टाकायचे? टाकायचेच का, हे फारसे कोणी विचारत नाही. ही सवय साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी व्ही-८ इंजिनांनी लावली. त्याआधी शर्यतीतली मंडळी वेगळ्या वाटेने गेली होती.

१९१२ ची फ्रेंच ग्रां प्री प्यूजोने जिंकली, ती दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या ७.६ लिटरच्या इंजिनावर. दोन लहान व्हॉल्व्ह मिळून एका मोठ्यापेक्षा हवेला जास्त वाट देतात, आणि हलके असल्याने स्प्रिंगला आवरतातही. पण असे हेड महाग पडते. त्यामुळे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या पुढची कित्येक दशके दोनच व्हॉल्व्हवर चालल्या. संख्या वाढवता येत नसेल तर उरतो तो व्यास. जग्वारच्या एक्सके इंजिनाने आणि १९५१ च्या क्रायस्लर हेमीने अर्धगोलाकार हेडमध्ये व्हॉल्व्ह तिरपे बसवून त्यासाठी जागा काढली.

शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनात तशी सोय नव्हती. तिथे व्हॉल्व्ह एका ओळीत, शेजारी-शेजारी. १९५५ मध्ये इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) १.७२ इंचांचा होता, १९६४ मध्ये तो २.०२ इंचांपर्यंत पोचला. हा आकडा पुढे मंत्रासारखा जपला गेला, पण त्यामागचा हिशेब मागे पडला. या काळात इंजिन २६५ घन इंचांचे ३२७ झाले होते, बोअर (सिलिंडरचा व्यास) पावणेचार इंचांवरून चार इंचांवर गेला होता, आणि सर्वाधिक अश्वशक्ती ४,४०० ऐवजी ६,२०० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर) मिळू लागली होती. म्हणजे हवेची गरज आधी वाढली, व्हॉल्व्ह तिच्या मागून आला. तेच हेड लहान बोअरच्या ब्लॉकवर चढवले की व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीला भिडायला येते आणि त्या बाजूने हवा जेमतेम शिरते. व्यास वाढवूनही प्रवाह घटल्याची बरीच उदाहरणे एवढ्यावरच उलगडतात.

फोर्डलाही हे कळले असावे. १९६९ च्या बॉस ३०२ इंजिनात तब्बल २.२३ इंचांचा इनटेक होता; पुढच्याच वर्षी तो २.१९ वर आणला गेला. हे हेड वरच्या आरपीएमला खुलायचे, खालच्या आरपीएमला मात्र सुस्त वाटायचे.

खरे तर या प्रश्नाचे मोजमाप १९४३ मध्येच झाले होते. एमआयटीत लिव्हनगुड आणि स्टॅनिट्झ यांनी दाखवले की व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या हवेचा सरासरी वेग ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.६ पटीपलीकडे गेला की सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने कोसळते. त्याच्या आत असाल, तर व्यास वाढवून हाती फारसे लागत नाही.

बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) प्रत्येकी ८६ मिलिमीटर, इनटेक ४२, आणि प्रवाहाचा सरासरी गुणांक (व्हॉल्व्हच्या वाटेपैकी सरासरी किती हवेच्या कामी येते) ०.३५ धरा. ५,००० आरपीएमला हवेच्या वेगाचे ध्वनीच्या वेगाशी गुणोत्तर ०.५० च्या आसपास येते. इथे मोठ्या व्हॉल्व्हवरचा खर्च वाया. ६,५०० ला ते ०.६५ होते, म्हणजे तिथे खरोखरच दम कोंडतो. ४४ चा व्हॉल्व्ह टाकला की कागदावर ते ०.५९ वर उतरते. मात्र कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते, तीच ठेवली तर तो व्यासाच्या मानाने कमी उघडतो, गुणांक घसरतो, आणि प्रत्यक्षात ०.६२ च्या आसपासच थांबावे लागते. निम्मा फायदा कॅमने खाल्ला! म्हणून माझ्या मते व्हॉल्व्हचा निर्णय कॅम आणि आरपीएम पक्के झाल्यावरच घ्यावा. त्याआधी सीटचे (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेचे) कोन नीट कापणे आणि सीटखालचा पोर्ट (हवेची वाट) साफ करणे स्वस्तही पडते आणि बहुतेक वेळा पुरतेही.

हेडच्या धातूचीही एक मर्यादा असते. मिनी कूपर एस या गाडीची मोठ्या एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची हेड दोन सीटमधल्या अरुंद पट्टीत तडकत, म्हणून पुढे एक्झॉस्ट लहान केला गेला. शिवाय त्या इंजिनात चार सिलिंडरना इनटेकचे पोर्ट दोनच, त्यामुळे व्हॉल्व्ह वाढवला तरी मागची वाट तेवढीच.

१९६७ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही या शर्यतीच्या इंजिनाने पहिलीच शर्यत जिंकली आणि चार व्हॉल्व्ह पुन्हा शर्यतीच्या केंद्रस्थानी आले. नंतर ते रोजच्या गाड्यांतही रुळले. अशा हेडमध्ये वाढवायला जागा फारशी उरलेलीच नसते. असेल तेवढी आधी इनटेकला द्यावी: त्याला भरायला फक्त वातावरणाचा दाब मिळतो, तर एक्झॉस्टमागे सिलिंडरमधला उरलेला दाब रेटायला असतो. स्मॉल ब्लॉकच्या त्या हेडमध्येही २.०२ च्या जोडीला एक्झॉस्ट १.६० इंचांचाच होता.