गावाकडे निघालेलं बिऱ्हाड: एका कथानकाची पूर्वपीठिका

शहरातला पसारा आवरून एखादं कुटुंब खेड्यात जातं आणि तिथे पहिल्यापासून संसार मांडतं, अशा कादंबऱ्या आज जगभर लिहिल्या जातात. त्यांच्या मलपृष्ठावरचा मजकूर वाचला की हे कथानक धावपळीला कंटाळलेल्या आपल्याच पिढीला सुचलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं स्वप्नच काय, स्वप्नाची टिंगलसुद्धा दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

इसवी सनापूर्वी 30 च्या सुमारास रोमन कवी होरेसने शेतकऱ्याच्या सुखावर एक कविता लिहिली. वाडवडिलांची जमीन, स्वतःचे बैल, डोक्यावर कर्ज नाही, ओढ्याकाठी झोप, घरी चूल पेटवून वाट पाहणारी बायको. वाचणारा हरखून जातो. अगदी शेवटच्या ओळींत कळतं की हे सगळं अल्फियस नावाचा एक सावकार बोलत होता. शेतकरी व्हायचंच, म्हणून त्याने महिन्याच्या मध्याला सगळं येणं वसूल केलं, आणि पुढच्या एक तारखेपर्यंत तेच पैसे पुन्हा व्याजाने लावायच्या खटपटीला लागला.

त्याच्या थोडं आधी व्हर्जिल या दुसऱ्या रोमन कवीने दुसरी बाजू दाखवली होती. इसवी सनापूर्वी 42 मधल्या फिलिपीच्या लढाईनंतर निवृत्त सैनिकांना देण्यासाठी इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या. व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतात मेलिबियस हा असा हुसकावलेला माणूस शेळ्या हाकत चालला आहे. वाटेत एक शेळी उघड्या खडकावर व्याली, आणि जुळी करडं तिथेच टाकून पुढे जावं लागलं. कुणा सैनिकाने त्या जमिनीवर नव्याने सुरुवात केलीच असणार, पण कविता त्याच्याबरोबर जात नाही. नवी सुरुवात करणाऱ्याच्या आधी त्या बांधावर कोण होतं, हा प्रश्न या कथानकात तेव्हापासून आहे. पुढच्या बऱ्याच लेखकांनी तो सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं, एवढंच.

चीनमध्ये ताओ युआनमिंग या कवीने इसवी सन 405 मध्ये सरकारी अधिकाराची जागा सोडली आणि तो शेतावर परतला. शेती त्याला फारशी जमली असावी असं त्याच्याच ओळींवरून वाटत नाही. डोंगराच्या पायथ्याशी शेंगा पेरल्या तर तण माजलं आणि रोपं विरळ उगवली, असं तो सांगतो. दुसऱ्या एका कवितेत तो भुकेपोटी कुणाच्या तरी दारी जाऊन उभा राहतो. पाच मुलांवरही त्याची कविता आहे: एकालाही कागद-कुंचल्याची आवड नाही, तेरा वर्षांच्याला सहा आणि सात यांतला फरक कळत नाही, धाकटा नुसती फळं मागतो. मुलांना यावर काय म्हणायचं होतं ते कवितेत येत नाही. नोकरी बापाने सोडली, कविताही बापानेच लिहिली.

ही कोंडी कादंबरीने फोडली. 1766 मध्ये ऑलिव्हर गोल्डस्मिथची ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ आली. ज्या व्यापाऱ्याकडे पैसे ठेवलेले तो पळून जातो, खातंपितं घर एका दिवसात उघडं पडतं, आणि पाद्रीबुवा बायकामुलांना घेऊन दूरच्या खेड्यात वीस एकरांच्या शेतावर राहायला जातात. पहिल्याच रविवारी बायको आणि मुली जुन्या थाटात नटून प्रार्थनेला निघतात. पाद्रीबुवा गंभीर चेहऱ्याने मुलाला सांगतात, ‘आपली घोडागाडी बोलाव.’ गाडी कधीच हातची गेलेली असते. शेवटी त्या लांब झग्यांचे घोळ कापून धाकट्या मुलांना बंड्या शिवल्या जातात. मला या कथानकाचा खरा जन्म या कापाकापीत दिसतो. निर्णय एकाचा आणि अंगावरचे कपडे दुसऱ्याचे, असं झालं की कादंबरीला खाद्य मिळतं.

पुढे कारखाने आले. 1851 च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये शहरी लोकसंख्या पहिल्यांदा ग्रामीण लोकसंख्येच्या वर गेली. अमेरिकेत हे 1920 मध्ये घडलं. ज्या घरांना गाव सोडून दोनतीन पिढ्या झाल्या, त्यांनाच ‘परत जाणं’ ही काही विशेष गोष्ट वाटू शकते. शेती येत नाही, पण पुस्तक वाचता येतं, असा नायकही इथूनच पुढे येतो. फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या अपुऱ्या राहिलेल्या आणि 1881 मध्ये छापल्या गेलेल्या ‘बूव्हार ए पेक्युशे’ या कादंबरीत दोन कारकून वारशाच्या पैशातून शेत घेतात, पुस्तकं वाचून कसतात, आणि त्यांच्या गंजी आतल्या आत तापून पेट घेतात.

पण कादंबरीपेक्षा भारी असा एक खराखुरा प्रसंग आहे. जून 1843 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉन्सन अल्कॉट हे विचारवंत बायको आणि चार मुलींसह एका शेतावर राहायला गेले. सोबत चार्ल्स लेन नावाचे इंग्रज सहकारी आणि काही अनुयायी. नव्वद एकर जमीन लेन यांच्या पैशाने घेतलेली. नाव ठेवलं ‘फ्रूटलँड्स’. फळझाडं म्हणाल तर सफरचंदाची दहाएक जुनी खोडं. मांस, दूध, अंडी वर्ज्य. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून सुती कपडे नकोत, लोकर मेंढीची म्हणून तीही नको. बैल जुंपणं म्हणजे जनावरावर अन्याय. तत्त्वं म्हणून यातली काही आजही खोटी वाटत नाहीत. अडचण एवढीच, की धान्य कापणीला आलं आणि पाऊस भरून आला तेव्हा पुरुष मंडळी विचार सांगत गावोगाव फिरत होती, आणि ॲबिगेल अल्कॉट यांनी मुलींना घेऊन होतं तेवढं धान्य घरात आणलं. हिवाळ्यात लेन कुटुंबसंस्थेलाच नावं ठेवू लागले आणि घर फुटायची वेळ आली. जानेवारी 1844 मध्ये, सातच महिन्यांत, सगळं संपलं.

त्या मुलींतली दुसरी, लुइझा, तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. तिने 1873 मध्ये, प्रसिद्ध लेखिका झाल्यावर, या प्रयोगावर एक विनोदी लेख लिहिला. त्यात एक पाहुणी विचारते, इथे ओझी वाहायला जनावरं आहेत का? उत्तर मिळतं, एकच बाई आहे.

अमेरिकेत नवी सुरुवात ही सरकारी योजनाही होती. 1862 च्या कायद्याने पाच वर्षं कसणाऱ्याला 160 एकर जमीन मिळे. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं कुटुंब 1869 मध्ये कॅन्ससमध्ये ज्या जागी गेलं ती मात्र ओसेज या तिथल्या मूळ रहिवाशांची राखीव भूमी होती. त्यावरच्या त्यांच्या 1935 च्या पुस्तकात, त्या मुलखात माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे हेच मूळ रहिवासी) राहत होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकाच्या तक्रारीनंतर 1953 च्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहतकरी’ केलं गेलं. मेलिबियसचा प्रश्न जवळपास वीस शतकांनंतर एका शब्दाच्या दुरुस्तीपुरता परत आला.

युरोपात मातीचं हे कौतुक वेगळ्याच वळणाने गेलं. ओसाड रानात घर उभं करणाऱ्या माणसावरच्या कादंबरीनंतर नॉर्वेच्या क्नूट हामसून यांना 1920 चं नोबेल मिळालं. त्याच हामसून यांनी 1943 मध्ये आपलं पदक नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला भेट दिलं.

फ्रेंच लेखक मार्सेल पान्योल यांनी मात्र येणारा काय करतो यापेक्षा गाव काय करतं ते पाहिलं. त्यांचा शहरी करवसुली कारकून वारशाने मिळालेल्या शेतावर बायको आणि लहान मुलीला घेऊन येतो, वहीत हिशेब मांडून ससे पाळतो, आणि पाण्यावाचून खचत जातो. जमिनीवर डोळा असलेल्या शेजाऱ्यांनी त्याचा झरा बुजवलेला असतो. गावात ते अनेकांना ठाऊक असतं. कुणी बोलत नाही. गंमत म्हणजे पान्योल यांनी बापाची गोष्ट आधी सांगितलीच नाही. 1952 मध्ये त्यांनी चित्रपट काढला तो मोठ्या झालेल्या मुलीवर, गावाचा हिशेब चुकता करणाऱ्या. बाप तिथे का आला आणि कसा संपला, हे सविस्तर लिहायला ते कादंबरीकडे वळले ते 1960 नंतर.