उवा, फणी आणि शाळेतून घरी पाठवलेली पोरं

शाळा सुरू होऊन महिना झाला की कुठल्या ना कुठल्या घरात पोरगी डोकं खाजवायला लागते, आणि आई आधी दार लावून घेते, मग फणी काढते. ही दार लावायची लाज मला फार खटकते, कारण उवांचा इतिहास बघितला तर ती कुठेच बसत नाही.

इस्राएलमध्ये लाखीश या प्राचीन शहराच्या जागी २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची, सुमारे ३७०० वर्षं जुनी. तिच्यावर १७ बारीक अक्षरं कोरलेली आहेत, ती वाचून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, अर्थ साधारण असा की या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. एका बाजूला गुंता सोडवायला ६ जाड दात, दुसऱ्या बाजूला १४ बारीक, म्हणजे अगदी आपल्या आजीच्या डब्यातली फणीच की! एका दाताला उवेचा अंशही चिकटलेला मिळाला. त्या भागात तेव्हा हत्ती नव्हते, हस्तिदंत बाहेरून आणलेला, म्हणजे मालक पैसेवाला असणार आणि त्याच्याही डोक्यात उवा होत्याच.

आपल्याकडे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ८ लिक्षांची १ यूका आणि ८ यूकांचा १ जव असं मापच दिलंय. लिक्षा म्हणजे लीख, यूका म्हणजे ऊ.

मग बदनामी कुठून आली? मला वाटतं बरीचशी कपड्यातल्या उवेमुळे. ती टायफस हा जीवघेणा ताप पसरवते हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ट्युनिसला दाखवलं, त्यासाठी १९२८ चं नोबेल मिळालं. ती ऊ अस्वच्छ कपड्यांत वाढते हे खरंय. डोक्यातली वेगळी, तिला धुतलेले केसही चालतात, ती उडत नाही की उड्या मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की सरकते आणि पोरं तर डोकी जोडूनच बसतात.

शाळांनी मात्र पोरांना घरी पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर १९०२ मध्ये उवा, खरूज, नायटा, डोळे येणं असल्या कारणांनी १०,५६७ वेळा मुलांना वर्गाबाहेर काढलं होतं, घरी नीट सांगणारं कुणी नाही म्हणून पोरं रस्त्यावरच. मग लीना रॉजर्स नावाच्या नर्सला शाळांमध्ये नेमलं, ती तिथेच उपचार करायची आणि घरी जाऊन आयांना करून दाखवायची, वर्षभराने तोच आकडा १,१०१ वर आला. आज अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा सांगते की उवांसाठी मुलाची शाळा बुडवू नका.

औषधांचं म्हणाल तर रॉकेल झालं, डीडीटी झालं, मग परमेथ्रिन आलं आणि बऱ्याच देशांत उवा त्यालाही दाद देईनाशा झाल्या. रॉकेल आणि सीताफळाच्या बियांची पूड अजिबात नको, एक पेट घेतं आणि दुसरीने डोळ्याला इजा होते. फणी मात्र टिकली. ओल्या केसांना कंडिशनर लावायचं, मुळापासून टोकापर्यंत बारीक फणी फिरवायची, दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून एकदा करून भागत नाही, दर ३-४ दिवसांनी निदान दोन आठवडे करायचं, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची.