शेताचा बांध आणि गाडीचे पोट

नवी ऑफ-रोड एसयूव्ही घ्यायला निघालेला माणूस बहुधा सर्वांत आधी ग्राउंड क्लिअरन्स विचारतो, म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते. या एका आकड्यावर किती विसंबावे, हे सुझुकीच्या जिम्नीवरून चांगले कळते. तीन दारांची जिम्नी परदेशी बाजारांत विकली जाते, पाच दारांची 2023 मध्ये भारतात आली. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलिमीटर, टायर एकाच मापाचे आणि सस्पेन्शनची, म्हणजे चाके गाडीला जोडणाऱ्या स्प्रिंगा आणि दांड्यांची मांडणीही एकच. तरीही शेताचा असा एखादा उंच बांध नक्की सापडेल, जो तीन दारांची जिम्नी सहज ओलांडेल आणि पाच दारांची मात्र त्याच्यावर पोट टेकून बसेल.

याचे कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात, म्हणजे व्हीलबेसमध्ये आहे. तो तीन दारांच्या जिम्नीत 2250 मिलिमीटर, तर पाच दारांच्या जिम्नीत 2590 मिलिमीटर आहे. पुढची चाके बांधाच्या पलीकडे उतरलेली आणि मागची अलीकडेच असताना गाडीचा मधला भाग माथ्यावरून जातो. चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका तो माथा पोटाच्या जवळ येतो. गाडी पोट न घासता जास्तीत जास्त किती तीव्र उंचवटा ओलांडू शकते, हे सांगणाऱ्या कोनाला रॅम्प-ओव्हर अँगल म्हणतात. तीन दारांच्या जिम्नीत तो 28 अंश आणि पाच दारांच्या जिम्नीत 24 अंश आहे. मागच्या दोन दारांच्या सोयीसाठी मोजलेली ही किंमत आहे. व्हीलबेस 15 टक्के वाढल्यावर जुना कोन टिकवायचा, तर ढोबळ हिशेबाने पोटाची उंचीही तितकीच वाढवावी लागली असती. महिंद्राच्या थार रॉक्सचा व्हीलबेस 2850 मिलिमीटर आहे, तीन दारांच्या थारपेक्षा 400 मिलिमीटरने जास्त. त्यामुळे चांगली उंची असूनही तिचा हा कोन 23.9 अंशांवर थांबतो. म्हणून माहितीपत्रकातल्या ग्राउंड क्लिअरन्सच्या आधी हा कोन पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा कोणत्या स्थितीत मोजला आहे, हेही विचारायला हवे. वस्तू व सेवा कर परिषदेने जुलै 2023 मध्ये मोठ्या वाहनांवरील उपकरासाठी 170 मिलिमीटरची अट स्पष्ट केली, तेव्हा ही उंची रिकाम्या गाडीची धरावी, असे सांगितले. पाच माणसे आणि सामान भरल्यावर स्प्रिंगा दबतात आणि पोट खाली येते. मात्र ते येताना गाडीखालचे कोणते भाग त्याच्याबरोबर खाली येतात, हे सस्पेन्शनच्या प्रकारावर ठरते, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग मला हाच वाटतो.

जिम्नीत पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड, ताठ आस असतो, ज्याला सॉलिड अॅक्सल म्हणतात. इंजिनाची शक्ती दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणारा डिफरन्शियलचा गोळा या आसातच बसवलेला असतो, म्हणजे त्याची उंची चाकांनी ठरते, बॉडीने नव्हे. गाडी भरली किंवा खड्ड्यात आदळली, तरी टायर थोडा चेपतो तेवढे सोडले तर गोळ्याखालची जागा कमी होत नाही. शिवाय एक चाक दगडावर चढले की आस तिरका होतो आणि दुसरे चाक खाली रेटले जाऊन जमीन धरून राहते. याउलट स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या भुजांवर हलते आणि डिफरन्शियल चासीला जोडलेले असते. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत यामुळे मधली जागा अधिक मिळते, पण दोन्ही चाके एकदम दबली की बॉडीबरोबर डिफरन्शियलही खाली येते.

कोकणातल्या किंवा मावळातल्या गाडीवाटेवर हा फरक नेमका जाणवतो. चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा तसाच राहतो, आणि सॉलिड अॅक्सलचा गोळा त्याच उंचवट्याला घासतो. म्हणून अनुभवी चालक एका बाजूची चाके उंचवट्यावर घेतो. आस तिरका झाला तरी चाके जमीन सोडत नाहीत, हा त्याचा भरवसा असतो.

सॉलिड अॅक्सलला किंमतही आहे. तो जड असतो आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो, त्यामुळे वेगात सुकाणूची अचूकता कमी होते. थारने म्हणूनच पुढे स्वतंत्र आणि मागे सॉलिड अॅक्सल असा मधला मार्ग निवडला. आस वरखाली होताना बाजूला सरकू नये म्हणून स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्समध्ये मागे वॉट्स लिंकेज बसवलेले आहे. दांड्यांची ही जुळणी जेम्स वॉटने 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी योजली होती, आणि आज ती डोंगरवाटेवरच्या गाडीखाली काम करते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मग गाडी सरळ आणखी उंच का करू नये? स्प्रिंगवर उंची देणारे लिफ्ट किट बॉडी वर उचलते, पण सॉलिड अॅक्सलचा गोळा जागीच राहतो. त्याला वर नेणारा साधा उपाय म्हणजे मोठा टायर, आणि तिथेही व्यासात झालेल्या वाढीचा अर्धाच भाग उंचीत मिळतो. उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्या मापाला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की गाडी उलटण्याला किती विरोध करते याचा अंदाज येतो. साध्या मोटारींत हे गुणोत्तर साधारण 1.3 ते 1.5 असते, तर एसयूव्हींमध्ये ते 1 ते 1.3 पर्यंत उतरते. लँड रोव्हर डिफेंडरने या पेचातून एअर सस्पेन्शनचा मार्ग काढला. खडकाळ वाटेवर तिच्या हवेच्या स्प्रिंगा फुगवून ग्राउंड क्लिअरन्स 291 मिलिमीटरपर्यंत नेता येतो, आणि वेग वाढला की गाडी आपोआप पुन्हा खाली येते.