मोठा प्लॅन घेतला की इंटरनेट सुधारते, हा गैरसमज

घरातले इंटरनेट रखडू लागले की जास्त एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. व्हिडिओ कॉलला मोजके एमबीपीएस पुरतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवरही आवाज तुटत असेल, तर दोष प्लॅनमध्ये नसून बहुधा वाटेत कुठेतरी असतो. तो शोधण्यासाठी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा.

केबलवर पूर्ण वेग मिळतो, पण वायफायवर मिळत नाही, असे दिसल्यास अडचण घरातच आहे. वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या वाटा, मुख्यतः १, ६ आणि ११ एवढीच असल्याने तिथे शेजारच्या राउटरांची गर्दी होते. म्हणून राउटरच्या जवळपास ५ गिगाहर्ट्‌झच वापरावे.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा असूनही केबलवर वेग ९५ च्या आसपास अडकतो, ही खूण फार बोलकी आहे. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली की जोडणी मुकाट्याने खालच्या वेगावर येते. राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागाच, १०० एमबीपीएसची नसेल, तर केबल बदलावी. राउटरपर्यंतचे पिंग, म्हणजे उत्तर येते का हे तपासणारा छोटा संदेश, व्यवस्थित असून इंटरनेटवरच्या सर्व्हरपर्यंतचे पिंग मध्येच हरवत असेल, तर मात्र वेळेच्या नोंदींसह कंपनीकडे तक्रार करावी.