बाळंतपणात बाळाला इजा झाली तर ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची : पात्रता, कागदपत्रं, मुदत

कळांच्या वेळी बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राची, म्हणजे सीटीजीची पट्टी थर्मल कागदावर छापलेली असते. एटीएमच्या पावतीसारखी तीही पुसट होत जाते. एका जोडप्याने दोन वर्षं जिवापाड जपलेली पट्टी मला दाखवायला आणली, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत नुसता चौकटींचा कोरा कागद उरला होता. बाळाचे ठोके त्या रात्री कधी घसरले, हे त्या एकाच कागदावर होतं. म्हणून पट्टी हातात आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही घ्या. वकील वगैरे नंतर बघू.

फाईल मागा, आणि दोन मागा

आईची केस आणि बाळाची केस या वेगळ्या फायली असतात. बहुतेक जण एकच मागतात. आईच्या फाईलमध्ये दाखल होतानाचा केसपेपर, कळांची प्रगती नोंदवणारा पार्टोग्राम, नर्सच्या नोंदी, कळा वाढवायला ऑक्सिटोसिन कधी आणि किती दिलं, संमतीपत्र, सिझर करायचं किती वाजता ठरलं आणि बाळ किती वाजता बाहेर आलं, हे सगळं हवं. बाळाच्या फाईलमध्ये अपगार गुण (जन्मताच बाळाची अवस्था तपासून दिलेले गुण), रडायला किती वेळ लागला, एनआयसीयूच्या म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाच्या नोंदी, एमआरआय. बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं असेल तर तिथल्या पहिल्या तासाच्या नोंदी सोन्यासारख्या. बाळ कोणत्या अवस्थेत आलं ते तिथल्या डॉक्टरने लिहिलेलं असतं, आणि त्याला काही झाकायचं नसतं.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं त्या जपून ठेवणंही डॉक्टरवर बंधनकारक आहे. रुग्णाला कागद मिळालेच पाहिजेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. नकार आला तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा. मात्र कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकतं, भरपाई देत नाही.

चूक होती का?

इथे थोडं थांबावं लागतं. खांदा अडकला, बाळ जोरात ओढलं गेलं आणि हाताच्या नसा दुखावल्या, असं घडतं. पण नीट हाताळलेल्या प्रसूतीतही खांदा अडकू शकतो. सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, ती अवस्था) सगळी मुलं प्रसूतीतल्या चुकीमुळे तशी होत नाहीत. बऱ्याच वेळा कारण गर्भातलं असतं. वाईट झालं एवढ्यावर तक्रार टिकत नाही. त्या परिस्थितीत साधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते इथे केलं नाही, हे दाखवावं लागतं. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०१० मध्ये म्हणालं. तरी प्रसूतीच्या प्रकरणात मताशिवाय जाऊ नका. ते बाहेरगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून घ्या. त्याच गावातला डॉक्टर सहसा लिहून देत नाही, हा माझा अनुभव.

कोण, कुठे, किती दिवसांत

बाळाच्या वतीने आई-वडील तक्रार करतात, आणि स्वतःच्या मनस्तापासाठी तेही भरपाई मागू शकतात. सेवा पैसे देऊन घेतलेली हवी. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी चालतं. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलमध्ये तुमचं बाळंतपण फुकट झालं असेल तरी तक्रार चालते, हे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरलं. सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार देणारं रुग्णालय मात्र ग्राहक कायद्याबाहेर. तिथे दिवाणी न्यायालयाची वाट.

सगळ्यात जास्त गोंधळ आयोग निवडताना होतो. २०१९ च्या कायद्यात भरपाईचा आकडा नव्हे, तुम्ही भरलेलं बिल मोजतात. बिल सव्वा लाख आणि मागणी एक कोटीची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच. ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, हॉस्पिटलच्या गावी खेपा घालायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते.

मुदत २ वर्षं. इजा उशिरा उघड झाली, म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यात बाळ बसत नाही म्हणून कळलं, तर ती समजल्यापासून मोजा असा युक्तिवाद करता येतो, उशीर माफही होऊ शकतो. पण माफीच्या भरवशावर राहू नका; जन्मतारखेपासूनच दिवस मोजा. वकिलाची नोटीस पाठवायची पद्धत आहे, सक्ती नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे आईच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील.

दरम्यान

चेन्नईत १९९६ मध्ये २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. तिचे डोळे तपासायला हवेत हे आई-वडिलांना कुणी सांगितलं नाही, आणि तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये भावी उपचार आणि महागाई धरून सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. मधली १९ वर्षं उपचार थांबले नव्हते. तुमचेही थांबू देऊ नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी सुरू करा, अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र काढा. सेरेब्रल पाल्सी असेल तर निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करा, त्यात १ लाखापर्यंत संरक्षण आहे. थेरपीची प्रत्येक पावती तारखेनुसार लावा आणि रिक्षाभाड्यासाठी एक साधी वही घाला. भरपाईचा आकडा मांडताना हीच वही पुढे ठेवायची आहे.