अंतराळवासातील धोके

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत राहून काम करताना अंतराळवीराच्या शरीराला व जिवाला संभवणारे अपाय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमी. उंचीवरून ९० मिनिटांत एक फेरी मारते. संध्याकाळी आकाश निरभ्र असेल तर सिंहगडावरून ते कधीकधी सरकत्या ठळक ताऱ्यासारखे दिसते. अंतर म्हणाल तर पुणे–गोवा रस्त्याहून कमीच. निर्वात पोकळी, किरणोत्सार आणि कक्षेतला कचरा हे बाहेरचे धोके सर्वांना ठाऊक असतात. रोजचा त्रास मात्र वजन नसल्यामुळे होतो. तिथे पाणी खाली वाहत नाही, गरम हवा वर चढत नाही आणि रक्त पायांकडे उतरत नाही.

शरीर. कक्षेत पोहोचताच रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते, पाय काटकुळे दिसू लागतात. निम्म्याहून अधिक जणांना पहिले दोन-तीन दिवस ताम्हिणी घाटात गाडी लागावी तशी मळमळ होते. हेल्मेटमध्ये उलटी झाली तर श्वास गुदमरू शकतो, म्हणून या दिवसांत बाहेरची कामे सहसा ठेवत नाहीत. मुक्काम काही महिन्यांचा असेल तर काहींच्या डोळ्यांतील दृक्चेतातंतूच्या टोकाला सूज येते, नेत्रगोल मागून किंचित चपटा होतो आणि जवळचे धूसर दिसते.

हाडांचे नुकसान अधिक चिवट आहे. व्यायाम नसेल तर कमरेच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का घटते. म्हातारपणी एवढी घट व्हायला साधारण वर्ष लागते. म्हणून रोज दोन-अडीच तास व्यायामासाठी राखून ठेवलेले असतात. ट्रेडमिलवर धावणाऱ्याला पट्ट्यांनी खाली ओढून धरावे लागते, आणि वजने उचलण्याच्या यंत्रात लोखंडी चकत्यांऐवजी निर्वात नळकांडी जोर लावतात. हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीत उतरते, त्यामुळे मूतखड्याचा धोका वाढतो. त्याचा फटका यंत्रालाही बसला आहे: लघवीतून पिण्याचे पाणी काढणारे स्थानकावरचे संयंत्र कॅल्शियम सल्फेटचा साका बसून बंद पडले होते. जमिनीवर चाचणीसाठी वापरलेल्या लघवीत एवढे कॅल्शियम नव्हतेच.

हवा व आग. झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवतीच साचून राहतो, कारण उबदार हवा वर जात नाही. पंखा बंद पडला तर डोके दुखते, जीव घुसमटतो. एरवीही स्थानकातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जमिनीवरच्या साधारण दहापट असते. ज्योत समईसारखी निमुळती न राहता गोल होते. धूर छताला जाऊन भिडत नाही, त्यामुळे धूरशोधक छताला न लावता हवा खेचणाऱ्या मार्गात बसवतात. आगीचा इशारा मिळताच आधी पंखे बंद होतात, मग मुखवटा चढवायचा, मग आगीचे ठिकाण शोधायचे. वारा थांबला की ज्योत स्वतःच्याच धुरात कोंडते. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी रशियाच्या मीर स्थानकावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या रासायनिक कांडीने पेट घेतला तेव्हा आगीमुळे परतीच्या दोन यानांपैकी एकाकडे जाण्याची वाटच बंद झाली होती.

पोशाख. बाहेर पडण्याच्या पोशाखात सुमारे ०.३ वातावरण दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो. दाब याहून बराच जास्त ठेवला तर हातमोज्याची बोटे वाकवणेही कठीण जाते. आतल्या पूर्ण दाबातून थेट बाहेर गेल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, जसे खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याला होतात. त्यामुळे आधी मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन घेत नायट्रोजन बाहेर काढतात, दारालगतच्या कक्षातील दाब ०.७ वातावरणापर्यंत उतरवतात आणि पोशाखात हलका व्यायामही करतात. ही तयारी काही तास चालते.

१६ जुलै २०१३ रोजी इटलीचा लुका पार्मितानो बाहेर असताना त्याच्या हेल्मेटमध्ये लिटरभराहून अधिक पाणी शिरले. ते खाली न गळता डोक्याला चिकटून पसरले आणि डोळ्यांवर, नाकात चढले. दिसेनासे झाले तेव्हा तो सुरक्षादोर धरून चाचपडत परतला. पोशाख थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतील पाणी व हवा वेगळे करणारा भाग घाणीने तुंबला होता. आठवडाभर आधी त्याच पोशाखात पाणी आढळले होते, पण पिण्याची पिशवी गळाली असेल असे समजून विषय तिथेच सोडला गेला. तेव्हापासून हेल्मेटमध्ये मागे शोषक गादी आणि पोशाखाच्या धडातील हवा ओढून घेता येईल अशी नळी बसवतात.

किरणोत्सार. स्थानकावर दिवसाला अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट (किरणोत्सार मोजण्याचे एकक) मात्रा मिळते; जमिनीवर नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी वर्षाला २.४ आहे. नासाची संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे. शिशाची भिंत उभारून प्रश्न सुटत नाही, उलट जड धातूवर आदळलेल्या कणांतून नवे कण फुटतात. हायड्रोजन अधिक असलेले पॉलिथिन बरे, म्हणून झोपण्याच्या कोठड्यांना त्याचे अस्तर असते. सौरवादळात जाड आडोशाच्या भागात जाऊन बसायचे. सूर्यावरच्या अशा उद्रेकांचा अभ्यास भारताच्या आदित्य-एल१ यानावरील ‘सूट’ नावाची अतिनील दुर्बीण करते. ती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत विकसित झाली.

परतणे. उतरण्यापूर्वी मिठाच्या गोळ्यांसह भरपूर पाणी पितात, कारण रक्तातील द्रव घटलेला असतो आणि उभे राहताच भोवळ येते. अंतराळात गेलेले राकेश शर्मा (१९८४) व शुभांशु शुक्ला (२०२५) हे दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र. शुक्ला स्थानकावर १८ दिवस राहून १५ जुलै २०२५ रोजी परतले. परतल्यावर त्यांना हातातला फोन जड वाटला, आणि काम झाल्यावर लॅपटॉप तरंगत राहील अशा सवयीने त्यांनी तो पलंगाच्या कडेला सोडून दिला. खाली गालिचा होता.