बुळकांडी, बंदूक आणि वाइल्डबीस्टचे कळप

जुलै-ऑगस्टमध्ये केनियातल्या मारा नदीच्या काठावर मराठी हमखास कानावर पडते. छत वर उचललेल्या गाड्या ओळीने उभ्या असतात, कुणीतरी चिवड्याची पुडी फिरवत असते आणि पलीकडच्या दरडीवर हजारो वाइल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी मोठी आफ्रिकन हरणे, ‘उतरू की नको’ अशा घोळात ताटकळत असतात. तासभर काही म्हणजे काही घडत नाही. मग एखादे जनावर घसरत पाण्यात पडते आणि त्याच्या मागे सगळा लोंढा सुटतो. गाडीतून उद्गार येतो, ‘हजारो वर्षं हे असंच चाललंय, नाही?’

असेच नाही. कळपांची भटकंती जुनी आहे, पण आज दिसणारे आकडे आपल्या आईवडिलांच्या हयातीतले आहेत. आणि त्यांच्यामागे एका गुरांच्या रोगाची गोष्ट आहे.

त्याआधी थोडे सफारीविषयी. शब्द आपल्याला परका नाही. अरबी ‘सफर’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि समुद्रापलीकडे स्वाहिलीत त्याचा ‘सफारी’ झाला. अर्थ एकच, प्रवास. किनाऱ्यावरून आत जाणारे हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांचे तांडे म्हणजेसुद्धा सफारीच. त्याला शिकारीचा वास लागला तो रेल्वेमुळे. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला. त्यासाठी सुमारे बत्तीस हजार हिंदुस्थानी मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलावर काम करणाऱ्यांना तंबूतून ओढून नेणारे दोन बिनआयाळीचे सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून उभे आहेत. मजुरांची आठवण सांगणारे तेवढे ठळक काही नाही.

रूळ पडले आणि श्रीमंत शिकाऱ्यांची सोय झाली. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून काही आठवडे होतात न होतात तोच, १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट मोम्बासाला उतरले आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसवलेल्या बाकावर बसून जनावरे बघत निघाले. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली. त्यात १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. मोहीम संग्रहालयासाठी होती, असे म्हणतात. असेलही.

आज टूरच्या पत्रकात मिरवणारे ‘बिग फाइव्ह’ याच शिकाऱ्यांच्या बोलीतले. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही पाच जनावरे पायी शिकार करताना सर्वांत धोक्याची. नुसती जखमी झाली तर उलटून अंगावर येणारी. नाहीतर देखणेपणाच्या यादीत रानम्हैस येती आणि जिराफ-चित्ता गळते, हे कसे व्हावे? केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, यादी राहिली.

आता त्या रोगाकडे. बुळकांडी हा शब्द आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना वेगळा सांगावा लागत नाही. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. आफ्रिकेत या रोगाची मोठी साथ १८८०च्या दशकाच्या अखेरीस शिरली. लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात इटालियन फौजेसाठी गुरे उतरवली गेली, त्यांच्याबरोबर ती आली असे बहुतेक इतिहासकार मानतात. ती गुरे हिंदुस्थानातून आणलेली होती, असेही सांगितले जाते. दहा वर्षांच्या आत साथ खंडाच्या दक्षिण टोकाला पोचली. कित्येक भागांत दहातली नऊ गुरे मेली. इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. केनिया-टांझानियातल्या मसाई लोकांचे तर सगळे जगणेच गुरांवर. दूध त्यांचे, कातडे त्यांचे, वधूमूल्य त्यांचे. गुरे गेली, पाठोपाठ देवीची साथ आली. त्या वर्षांना मसाई ‘एमुताई’ म्हणतात, म्हणजे सगळे पुसून टाकणारा काळ.

रानातली खूरवाली जनावरेही सुटली नाहीत. रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट पटापट मेले. चरायला कुणी उरले नाही, तशी कुरणांत झुडपे माजली. झुडपांत झोपेचा रोग पसरवणारी त्सेत्से माशी आली, आणि माशीमुळे माणसाला व गुराला परतणे अवघड झाले. नेमक्या या वेळी युरोपीय अधिकारी तिथे पोचले आणि त्यांनी नोंद केली की मुलूख ओसाड, आदिम, माणसाचा हात न लागलेला आहे! ज्या घरात नुकतीच चार मयते झाली आहेत, ते घर कधी कुणी राहिलेलेच नाही असे म्हणण्यातला हा प्रकार.

या गोष्टीचे एक टोक पुण्यात आहे. बुळकांडीने हैराण झालेल्या सरकारने १८८९ मध्ये गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुण्यात काढली. चार वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथेच १९२०च्या दशकात तिथले शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा काढून सौम्य केला आणि त्यापासून लस बनवली. पुढचा टप्पा नैरोबीजवळ मुगुगा इथला. तिथे वॉल्टर प्लॉराइट यांनी १९६०च्या आसपास पेशींच्या संवर्धनावर वाढवलेली, अधिक सुरक्षित लस तयार केली.

मारा नदीच्या दक्षिणेला टांझानियातले सेरेंगेटीचे मैदान. तिथे लस टोचली गेली ती आसपासच्या गावगुरांना, वाइल्डबीस्टना नव्हे. गुरे वाचली तसा रानातला रोगही आपोआप विझला, कारण तो गुरांकडूनच तिकडे जात होता. दरवर्षी वासरे मरत होती ती जगायला लागली. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेले. एवढी तोंडे गवत खाऊ लागल्यावर वणव्याला जळायला गवत उरेना. वणवे घटले आणि झाडांची रोपे तगली. कळपांना जागा पुरेना, तसे ते उत्तरेला केनियातल्या मारापर्यंत मोठ्या संख्येने जाऊ लागले. नदी ओलांडण्याचा तो प्रसिद्ध देखावा एवढा मोठा झाला तो त्यानंतर. बुळकांडी जगातून गेल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

मधल्या काळात राष्ट्रीय उद्यान झाले होते. सेरेंगेटी १९५१ मध्ये घोषित झाले, आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाईंना उठवून गोरोंगोरोच्या बाजूला पाठवले. जमिनीचा तो वाद आजही मिटलेला नाही. त्याच सुमारास जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या छोट्या विमानातून कळप मोजत होते. जानेवारी १९५९ मध्ये एक गिधाड विमानावर आदळले आणि चोवीस वर्षांचा मिखाएल गेला. गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची दगडी समाधी आहे. बऱ्याच गाड्या तिथे थांबतात.

मला स्वतःला त्या सहलीतून सिंहापेक्षा गिधाडे जास्त लक्षात राहिली. मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांहून जास्त वाइल्डबीस्ट बुडतात. गिधाडे आणि मराबू करकोचे त्यांच्यावर जगतात. आम्ही पोचलो तेव्हा एका फुगलेल्या धडावर वीस-पंचवीस गिधाडे होती. एकाने मान पूर्ण आत घातलेली, बाकीची पंख पसरून एकमेकांच्या पाठीवर चढत होती, आणि मराबू कडेला उभा होता, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. आपल्याकडे हे दृश्य डायक्लोफिनॅकने पुसले; ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मेली. गुरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर गिधाडे गेली होती. तिकडे कारण वेगळे. सिंहाने गाय मारली की चिडलेले गुराखी मढ्यावर कीटकनाशक टाकतात. सिंह मरो न मरो, गिधाडे हमखास मरतात. मारातही ती झपाट्याने कमी झाली आहेत.

मी पंखांवरून जात ओळखायचा प्रयत्न करत होतो तेवढ्यात ड्रायव्हरच्या वायरलेसवर खरखर झाली. स्वाहिलीत दोन वाक्ये, त्यात ‘चुई’ एवढा शब्द मला कळला. म्हणजे बिबट्या. आमच्या गाडीचे पाचातले तेवढेच राहिले होते. ड्रायव्हरने विचारायच्या आत सगळे खाली बसले आणि गाडी धुरळा उडवत वळली.